पाहून न पाहणे

धाराशिवच्या बसस्थानकावर, उमरग्याच्या फलाटासमोर, अप्पांनी माझ्याकडे पाहिले आणि मी घाबरले. वडिलांनी मुलीकडे पाहावे यात घाबरण्यासारखे काय, असे कोणी विचारील. परंतु माझे वडील, मुरूमच्या बाजारपेठेतले अडत व्यापारी माणिकप्पा, गेली कित्येक वर्षे माझ्याकडे पाहत नव्हते, आणि हे न पाहणे ते इतक्या नेमाने, इतक्या कसोशीने करीत आले होते की मी ते जगातील इतर स्थिर गोष्टींमध्ये जमा करून टाकले होते. लग्नाच्या मांडवात, कुणाच्या मयतीला, उमरग्याच्या भर बाजारात त्यांची नजर माझ्यापर्यंत येई आणि माझ्या अलीकडे हातभर थांबे, एखाद्या कसबी गाडीवानाने बैल थांबवावेत तशी. त्या थांबण्यात जोर असे. माझी उंची, माझी साडी, मी कोणत्या बाजूला वळेन याचा अंदाज, हे सगळे त्या हातभर अंतरात मोजलेले असे. मोजल्याशिवाय इतके अचूक टाळता येत नाही. आज त्यातले काही नव्हते. त्यांची नजर माझ्यापर्यंत आली, माझ्यावर टेकली, आणि मी भिंत असावी तशी पुढे सरकली. मी त्यांच्या मुलीच्या जागेवरून फलाटावरच्या पोत्यांच्या रांगेत जाऊन पडले होते, आणि हे बढतीचे लक्षण नव्हते.

मी तिथे होते ती एसटीच्या पार्सल खिडकीवर लातूरच्या मुद्रकासाठी कोशाच्या दुरुस्त पानांचा गठ्ठा द्यायला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-मराठी कोश करण्याचे काम आमच्या विभागाने अंगावर घेतले आहे, म्हणजे विभागाने घेतले आहे आणि माझ्या अंगावर टाकले आहे. त्या गठ्ठ्यात एक नोंद नव्हती. ‘इग्नोर’ या क्रियापदापाशी मी अडून बसले होते, आणि आमचे विभागप्रमुख गौरीशंकर सर रोज चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन सुस्कारा टाकत होते. “शिवलीला मॅडम, ‘दुर्लक्ष करणे’ लिहा आन् सोडा की. पोरांना पास व्हायचंय, पंडित न्हाय व्हायचं.” सरांचे म्हणणे व्यवहार्य होते, आणि व्यवहार्य म्हणण्यांमुळेच या देशातील कोश जसे आहेत तसे आहेत. दुर्लक्ष चुलीवरच्या दुधाकडेही होते. दूध उतू गेल्यावर कोणी असे म्हणत नाही की मी त्याला इग्नोर केले. उपेक्षा हा शब्द ज्याची झाली तो वापरतो, ज्याने केली तो कधीच नाही. कानाडोळा करणारा माणूस कोणाचे तरी पाप पोटात घालीत असतो. अनुल्लेख हे विद्वानांचे हत्यार. त्याने मेलेल्याचे प्रेतही सापडत नाही. आणि माझ्या विद्यार्थ्यांनी कोशाची वाट न पाहता आपली सोय केव्हाच करून घेतली आहे, ते ‘इग्नोर मारतात’. मराठीत आलेल्या या परक्या, सभ्य क्रियापदाला त्यांनी आल्याआल्या हात उगारायला शिकवले. बँकेचा निरोप येतो, हप्ता भरला असल्यास हा संदेश इग्नोर करावा. इतकी आदबशीर आज्ञा मला घरात कोणी कधी केली नव्हती. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर दुसऱ्या वर्षाच्या सृष्टीने लिहिले होते, ‘तो मला रोज इग्नोर करतो.’ मी तांबडी शाई घेऊन त्या ‘रोज’पाशी बराच वेळ बसले आणि काहीही न खोडता पुढे गेले. रोज करायचे म्हणजे वेळ काढायला लागतो, दुसरा कुठे असेल याची खबर ठेवावी लागते. प्रेम करणाऱ्यालाही इतकी हजेरी जमत नाही.

या क्रियापदाचा जन्म मात्र निरागस आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केवळ न जाणणे. फ्रेंच माणूस आजही ते त्याच अर्थाने वापरतो आणि मनात काही ठेवत नाही. इंग्रजांनीही आधी ते तसेच वापरले. जाणूनही न जाणल्यासारखे करणे हा अर्थ त्यांच्याकडे पुष्कळ उशिरा रुजला, आणि ज्या शतकात तो रुजला त्याच शतकात ते अर्ध्या जगाचा कारभार पाहत होते, हा योगायोग मी टीपेत घालावा की नाही यावर सरांचे आणि माझे एकमत झाले नव्हते. मला छळत होते ते वेगळेच. न जाणण्यापासून न जाणल्यासारखे करण्यापर्यंतचा हा प्रवास एखादा शब्द कोणत्या वाटेने करतो? मध्ये एखादा मुक्काम असला पाहिजे, जिथे माणूस धड अजाण नसतो आणि धड जाणताही नसतो. तो मुक्काम मला कोणत्याही ग्रंथात सापडला नव्हता, आणि ग्रंथ मी काही कमी उलथले नव्हते.

अप्पा गाडीच्या पायरीकडे निघाले. पायरीच्या आधी त्यांचा पाय हवेत थोडा थबकला, हाताने दांडी शोधली, दांडी सापडल्यावर पाय उतरला. मग माझ्या लक्षात आले. ते विसरले नव्हते, त्यांना दिसत नव्हते. निदान तसे असावे अशी मी इच्छा केली, कारण दुसरी शक्यता, की दिसले आणि ओळख पटली नाही, ही मला सहन होण्यासारखी नव्हती. इतकी वर्षे मी त्यांच्या रागावर जगत होते. तो माझ्या नावावर असलेला एकमेव वडिलोपार्जित ऐवज होता आणि तो त्यांच्या डोक्यातूनच पुसला गेला असेल तर मला कोणाविरुद्ध उभे राहायचे हे नव्याने शोधावे लागणार होते. दुपारच्या तासाला माझी मुले वाट पाहत होती. गठ्ठा खिडकीवर देऊन झाला होता. मी गाडीत चढले. उमरग्याचे तिकीट काढले आणि ते का काढले हे स्वतःला विचारले नाही. न विचारण्याची कला आमच्या घरात आहेच.

ते तिघांच्या बाकावर खिडकीशी बसले होते. मधे एक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावणारी. कडेची जागा रिकामी होती, तिथे मी बसले. गाडी हालण्याच्या आत बाईने आपली सगळी ओळख दिली. ती हरणाबाई, नळदुर्गाजवळच्या वस्तीवरची, लेकीचे बाळंतपण उरकून घरी निघालेली, नातू काळा पण नाकीडोळी देखणा. मी मान हलवली, बोलले नाही. बोलले असते तर आवाज खिडकीपर्यंत गेला असता. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे नेहमीसारखे तीन होते, पण आज ते वाकडे होते, एक भुवईत शिरलेला. सदऱ्यातून गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी वर आली होती. आरशासमोर बराच वेळ घेणारा तो माणूस. आणि त्याचे वाकडे पट्टे पाहून मला प्रथम जे वाटले ते दुःख नसून संताप होता, की घरात असे एकही माणूस नाही की जे म्हणेल, अप्पा, थांबा, पुसा ते. भाऊ हैदराबादला, दर रविवारी फोनवर तब्येतीला जपा म्हणणारा. आणि मी चार तासांच्या आत पोहोचू शकणारी, पण मला बंदी.

“बाबा, कुठं निघालाव?” हरणाबाईने आपला मोर्चा तिकडे वळवला.

“मुरूमला. उमरग्यात गाडी बदलायची.”

“दवाखान्यात आल्ताव व्हय? हातात फाईल दिसतीय.”

“डोळं दावायला. पडदा आलाय, दोन्हीकडं. पिकलाय म्हणले.”

“मग काढून टाकायचा की! आमच्या जावंचं काढलं, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत होती. तव्याचा चटका बसला ते सोडा.”

“उद्या काढतो म्हणले डॉक्टर. घरचं माणूस आणा म्हणले सही करायला, जवळ ऱ्हायला. त्याबिगर न्हाय.” अप्पा खिडकीकडे तोंड करूनच बोलत होते. “म्हणलं, कोण न्हाय. चाललो मागं.”

“आन् मग पडदा?”

“ऱ्हाऊ दे. बघायचं काय ऱ्हायलंय आता?”

“असं कसं, बाबा! पोरंबाळं न्हायीत का?”

“पोरगा लांब हाय. सुट्टी मिळत न्हाय.”

“आन् पोरगी?”

गाडी गावाबाहेर पडली होती. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची राने होती, आणि मी माझ्या हातांकडे पाहत होते. माझ्याबद्दल अप्पा काय म्हणतात हे मला कधी ऐकायला मिळाले नव्हते. मी म्हणजे गप्पांच्या मधोमध सोडलेली जागा, अशी माझी समजूत होती.

“हाय एक,” अप्पा म्हणाले. “हितंच, धाराशिवात. प्रोफेसर हाय. इंग्रजीची पुस्तकं करती.”

“अगं बया! हितं लेक आन् तुमी चाललाव आंधळे होऊन माघारी? भांडण हाय का?”

“भांडायला बोलावं लागतंय बाई. आमच्यात तेवढं बी न्हाय.”

“कशानं तुटलं?”

“सोलापूरला दिलती. माझ्या शब्दावर दिलती. वर्षाच्या आत आली निघून. आन् आली तर माझ्या दारात न्हाय आली, हितं खोली केली, नोकरी धरली.”

“का आली म्हणं निघून?”

“विचारलं न्हाय.”

“एवढ्या वर्षात?”

“विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.”

“मग?”

अप्पांनी फाईल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “मग मला म्हाईत झालं असतं.”

हरणाबाईने कोथिंबीर पिशवीत आत दाबली. मला रडू यायला हवे होते असे कोणाला वाटेल, पण मला आधी वाटले ते कुतूहल, इतके तीव्र की त्याची लाज वाटावी. लहानपणी मी अप्पांच्या पेढीवर बसत असे. तुरीची पोती उतरली की इतर अडते वरचे दाणे तळहातावर घेऊन भाव बोलत. अप्पा बाही वर सारून हात कोपरापर्यंत पोत्यात घालीत आणि तळाची मूठ काढीत. तळाला ओल असते, किडका माल असतो, माती असते. शेतकऱ्याने ठेवलेली असते किंवा पावसाने. वरच्या दाण्यावर मी कधी फसलो नाही, हा त्यांचा साऱ्या मुरूमला माहीत असलेला अभिमान. तो माणूस एकाच पोत्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला होता. तळाशी काय असणार हे त्यांना पोते आले त्याच दिवशी कळले होते. मूठ मात्र काढली नव्हती, कारण मूठ काढली असती तर मालाला आपणच भाव दिला होता हे चारचौघांत नसले तरी आपल्यापुरते मान्य करावे लागले असते. धड अजाण नाहीत आणि धड जाणतेही नाहीत. मी ज्या मुक्कामाच्या शोधात ग्रंथालयाची कपाटे रिकामी केली होती तिथे माझे वडील इतकी वर्षे बिऱ्हाड करून होते. अभ्यासक म्हणून मला समाधान वाटायला हरकत नव्हती. मुलगी म्हणून मला त्यांच्या दंडाला धरून गदागदा हलवावेसे वाटले. सोलापूरच्या त्या घरात काय होते ते मी इथे लिहिणार नाही. ते ऐकण्याचा पहिला हक्क ज्याचा, त्याने तो अजून बजावलेला नाही.

आणि मग, थंड पाण्याचा हबका बसावा तसे, मला दिसले की या गाडीत न पाहणारे ते नव्हते. त्यांना मी आहे हे ठाऊकच नव्हते. ते शब्दाच्या जुन्या, निरागस अर्थाने अजाण होते. जवळ असून नसल्यासारखे जे काही चालले होते ते माझे होते. मी त्यांची कूस बदलण्याची लकब टिपत होते, आवाज कोंडून धरत होते, त्यांच्या नकळत त्यांच्या तोंडून ते काढून घेत होते जे त्यांनी मला शुद्धीत कधी दिले नसते. कर्त्याच्या जागी बसून पाहिले तर हे क्रियापद किती आरामाचे आहे! पाठ टेकून बसता येते.

त्यांना हाक मारण्याची एक वाट होती आणि तिच्यात थोडी लबाडी होती. आमच्यात कोणी ‘शरणार्थ’ म्हटले की उलट ‘शरणार्थ’ म्हणावेच लागते. तो नमस्कार माणसाला नसतो, त्याच्या गळ्यातल्या लिंगाला असतो, आणि लिंगाशी कोणाचे भांडण असू शकत नाही. बाजारात ज्यांच्याशी अप्पांचे कज्जे चालले त्यांनाही त्यांनी हे उत्तर कधी चुकवले नव्हते. म्हणूनच मी दिसताच ते आधी उठत. चुलतभावाच्या लग्नात मी पंगतीकडे येताना पाहून ते अर्ध्या जेवणावरून उठले होते, हात खरकटा, आणि लोक म्हणाले केवढा हा राग. राग नव्हे, माझ्या तोंडून तो शब्द निघाला असता तर त्यांना उत्तर द्यावे लागले असते. त्यांना पळायला नेहमी पंधरा-वीस पावलांची आगाऊ सूचना लागे आणि ती त्यांना डोळे देत. आता डोळे नव्हते. खिडकीशी, दोन बायकांच्या पलीकडे, ते माझ्या तावडीत होते. अशा माणसाला गाठणे न्याय्य आहे का, याचा मी तुळजापूरचा घाट येईपर्यंत विचार केला, आणि विचार पुरा होण्याआधीच बोलले.

“शरणार्थ, अप्पा.”

“शरणार्थ,” ते म्हणाले. सवयीने, मोकळेपणाने, उजवा हात छातीशी नेऊन. मग हात तिथेच राहिला. त्यांचा चेहरा आधी माझ्या दिशेने फिरला, आणि मग, सावकाश, सगळे कळून, खिडकीकडे गेला. मला ओळखले होते. मी हसले की हुंदका दिला हे हरणाबाईच सांगू शकेल.

ती दोघांकडे पाहत होती. “म्हंजी ही ती... आगं, मगाधरनं गप बसून ऐकायलीस व्हय गं?”

घाटाच्या वळणावर अप्पा खाकरले. “बाई,” ते काचेला सांगावे तसे म्हणाले, “त्या मॅडमला विचारा, कुठं निघाल्यात.”

“अवं, तिला ऐकू येतंय की!”

“विचारा तुमी.”

हरणाबाईने माझ्याकडे तोंड केले. “कुठं निघालाव म्हणत्यात.”

“त्यांना म्हणावं, त्यांच्या मागं निघाले. माघारी न्यायला.”

“तुमच्या मागं म्हणती. माघारी न्यायला म्हणती.” तिला आता सूर सापडला होता. “बाबा, आमच्या घरात सुना म्हशीला सांगत्यात, सासूला ऐकू जावं म्हणून. आज म्या म्हैस झाले बघा.”

अप्पांच्या गालावर काही हलले, पण ते हसू होते असे मी शपथेवर सांगणार नाही. “तिला सांगा, डॉक्टरला घरचं माणूस लागतंय.”

“मग ही काय नगरपालिकेचं माणूस हाय का?” हरणाबाई निरोप पोहोचवायचे विसरून भडकली. “तुमची लेक हाय, बाबा! सही करती, प्रोफेसर हाय, चांगली इंग्लिशमधी करती. उतरा तुळजापूरला गपगुमान.”

“अजून एक सांगा त्यांना,” मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असतो तसा झाला होता, ज्याला माझी मुले भितात. “सही मी करते. रात्री जवळ राहते. पण पट्टी सुटली, की मी त्यांच्यासमोर बसणार आहे. आणि ते विचारोत किंवा न विचारोत, सोलापूरचं सगळं सांगणार आहे. त्यांना ते ऐकायचं नसेल तर त्यांनी उमरग्यापर्यंत बसून राहावं. मी एकटी उतरेन आणि पुन्हा मागं येणार नाही.”

हरणाबाईने हा निरोप दिला नाही. ती मला डोळ्यांनी विनवीत होती, की पोरी, आज एवढं नको. मला तिची विनवणी समजत होती आणि मी मागे घेणार नव्हते. अप्पा पुढच्या बाकाची दांडी धरून बसले होते, बोटे तिच्यावर एकेक करून उघडत आणि मिटत होती. मला त्या वेळी ठाऊक नव्हते ते काय करतील. खरेच नव्हते, त्यांच्या बाबतीत हे मला पहिल्यांदाच होत होते.

तुळजापूरच्या स्थानकात गाडी थांबली. वाहकाने शिटी दिली, कुंकवाच्या पुड्या आणि कवड्यांच्या माळा घेतलेली माणसे चढू लागली. अप्पा उठले. “सरका, बाई,” ते म्हणाले, “मला उतरायचंय.” हरणाबाईने पाय आखडले, पिशवी छातीशी धरली, आणि मी उठून जागा दिली तेव्हा ते माझ्या खांद्याला घासून, काही न बोलता, पुढे गेले. वाहकाने त्यांना हात दिला. माझ्या आणि त्यांच्या मधे चढणाऱ्यांचा लोंढा घुसला; मी खाली उतरले तेव्हा गर्दीने मला डाव्या अंगाला लोटले होते आणि ते शेडखाली, फाईल काखेत धरून, उभे होते.

त्यांच्या उजव्या हाताला नारळांची टोपली घेऊन एक बाई उभी होती, हातात कोपरापर्यंत चुडा. चुडा वाजला आणि अप्पा ती मीच असे धरून चालले. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, पूर्णपणे, जुन्या वैभवासह, खांदे ताठ करून, मान वर नेऊन. या म्हाताऱ्याचे आपण काय बिघडवले हे न कळून ती बिचारी आपल्या टोपलीकडे पाहू लागली. आणि त्यामुळे त्यांचा चेहरा थेट माझ्यासमोर आला. दुधी, पिकलेले डोळे माझ्या डोळ्यांत लागले होते, हातभर नव्हे, पुरते माझ्यापर्यंत. त्यांत भीती होती, आणि कोणी पाहत नाही अशा खात्रीने ती उघडी ठेवलेली होती. मी मनात आणले असते तर तशीच उभी राहून ती नजर हवी तितकी घेऊ शकले असते. मी त्यांच्या मागून वळसा घातला, नारळवाल्या बाईला जरा सरकायला सांगितले, आणि त्यांनी जिच्याकडे पाठ केली होती तिच्या जागी जाऊन उभी राहिले. धाराशिवची गाडी लागली. तोंड न वळवता त्यांनी उजवा कोपर अंगापासून थोडा दूर केला, आणि मी तो धरला.